जन्म इथे झाला, म्हणजे नक्की कुठे?

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना आणि साउथ कॅरोलिना या दोन राज्यांच्या हद्दीवर वॅक्सहॉ नावाचा मुलूख आहे. शार्लट शहर इथून जवळ. नोकरीधंद्यानिमित्त त्या शहराच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्याही येण्याजाण्यातला हा भाग. अमेरिकेचा सातवा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन १५ मार्च १७६७ रोजी इथेच जन्मला. इथवर कोणाचा वाद नाही. वाद आहे तो पुढे. नॉर्थ कॅरोलिनात, हद्दीच्या अगदी लगत, त्याच्या जन्मस्थानी म्हणून १९१० मध्ये दगडी स्मारक उभारले गेले. तिथून काही किलोमीटरांवर, साउथ कॅरोलिनाच्या लँकेस्टर काउंटीत त्याच्या नावाचे राज्य उद्यान १९५२ पासून आहे, आणि तेही त्याच्या जन्मभूमीचे स्मारक म्हणूनच. एक माणूस, एक आई, एक दिवस आणि जन्मस्थाने दोन. दोन्ही सरकारे जबाबदार, दोन्हींकडे पुराभिलेखागारे आणि अभ्यासक आहेत. तरीही अडीचशे वर्षांत हा प्रश्न मिटलेला नाही.

रस्त्याच्या कडेला असा फलक दिसला की आपण त्यावर विश्वास ठेवतो. सरकारी चिन्ह असते, अक्षरे धातूत ओतलेली असतात, वाक्य ठाम असते. पण ‘अमुक माणूस इथे जन्मला’ हे वाक्य लिहिण्यामागे एक लांबलचक प्रक्रिया असते, आणि ती समजली की फलकावरच्या चार ओळींतली कोणती ओळ भक्कम आणि कोणती पोकळ हे वाचणाऱ्यालाच ओळखता येते. माझे म्हणणे असे की जॅक्सनचे जन्मस्थान निश्चित न होणे हे संशोधकांचे अपयश नाही. तो ज्या सरहद्दीवर जन्मला त्या सरहद्दीचा स्वभाव या अनिश्चिततेतून जितका कळतो, तितका कोणत्याही ठाम वाक्यातून कळत नाही. दोन्ही राज्ये मात्र नेमकी तीच गोष्ट प्रवाशांना सांगत नाहीत.

रस्त्यावरचा फलक तयार कसा होतो

अशा फलकांचा जन्म मोटारगाडीमुळे झाला. १९२० च्या दशकात अमेरिकेत मध्यमवर्ग स्वतःच्या गाडीने फिरायला निघाला आणि राज्यांच्या लक्षात आले की रस्त्यालगतचा इतिहास दाखवला तर प्रवासी थांबतात, खर्च करतात. व्हर्जिनियाने १९२७ मध्ये अशा फलकांची योजना सुरू केली. नॉर्थ कॅरोलिनाने १९३५ मध्ये त्यासाठी कायदा केला आणि पुढच्याच वर्षी पहिला फलक लावला. साउथ कॅरोलिनाही त्याच सुमारास या कामात उतरली. म्हणजे मुळात ही पर्यटनाला हातभार लावण्यासाठी आखलेली योजना होती. इतिहास पारखण्याची चाळणी तिला पुढे हळूहळू बसत गेली.

आजची पद्धत साधारण अशी. कोणीतरी नागरिक किंवा संस्था अर्ज करते आणि सोबत पुरावे जोडते. नॉर्थ कॅरोलिनात महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या प्राध्यापकांची समिती तो अर्ज तपासते आणि खर्च सरकार उचलते. साउथ कॅरोलिनात मजकुराला राज्याच्या पुराभिलेख विभागाची मंजुरी लागते, पण पैसे अर्ज करणाऱ्या संस्थेने भरायचे असतात. हा फरक बारीक वाटला तरी महत्त्वाचा आहे. पैसे ज्याने भरायचे त्याला कोणती गोष्ट सांगण्यासारखी वाटते, यावरून कोणत्या गोष्टींचे फलक रस्त्यावर येतात ते ठरते. मंजुरी मिळाली की मजकूर ओतकामाला जातो. ओहायो राज्यातल्या मॅरिएटा गावची, १९२७ मध्ये सुरू झालेली स्युआ स्टुडिओज ही कंपनी अनेक राज्यांचे फलक घडवते. नमुन्याच्या फळीवर एकेक अक्षर बसवतात, त्यावर वाळू ठोकून साचा घेतात आणि त्यात वितळलेले ॲल्युमिनियम ओततात. थंड झालेला पत्रा घासून रंगवतात आणि उठावाच्या अक्षरांना वेगळा रंग देतात. नॉर्थ कॅरोलिनाचे फलक रुपेरी, त्यावर काळी अक्षरे आणि वर राज्याची मुद्रा. एकदा ओतलेला मजकूर दुरुस्त करता येत नाही. शब्द बदलायचा तर सगळा फलकच नव्याने ओतावा लागतो. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत ‘कदाचित’ घालता येते. फलकावर ते घालायचे म्हणजे पुन्हा अर्ज, समिती आणि खर्च.

शिवाय जागा थोडी. गाडी ताशी ९० किलोमीटर वेगाने जात असेल तर एका सेकंदात २५ मीटर अंतर मागे पडते. अक्षर पाच सेंटीमीटर उंच धरले तर ते साधारण वीस-पंचवीस मीटरांवरून वाचता येते. याचा अर्थ मजकूर वाचायला चालकाला जेमतेम एक सेकंद मिळतो. एवढ्या वेळात नाव वाचून होते, फार तर एखादे पद. म्हणून मजकूर पाच-सहा ओळींत बसवायचा दंडक असतो आणि त्या ओळींत ‘असे काहींचे म्हणणे आहे, पण’ यासाठी जागा उरत नाही. ठामपणा हा पुष्कळदा पुराव्याचा नसतो, तो पत्र्याच्या आकाराचा असतो.

तिसरी अडचण फलकाच्या जागेची. तो लावायचा सरकारी रस्त्यावर, आणि माणसे जन्मतात रस्त्यापासून दूर, एखाद्या टेकडीवरच्या लाकडी घरात. म्हणून जन्मस्थानाचे बहुतेक फलक जन्मस्थानी नसतात. ते दिशा आणि अंतर सांगतात: पूर्वेला टेकडीवर, नैऋत्येला काही मैलांवर. टेक्सासचा सेनापती आणि नंतर तिथला राष्ट्राध्यक्ष झालेला सॅम ह्यूस्टन २ मार्च १७९३ रोजी व्हर्जिनियाच्या रॉकब्रिज काउंटीत टिंबर रिज इथे जन्मला. त्याचा फलक अकरा क्रमांकाच्या राष्ट्रीय रस्त्यावर आहे आणि घर बाजूच्या उंचवट्यावर होते असे तो सांगतो. ह्यूस्टनच्या बाबतीत कुटुंबाची मालमत्ता ठाऊक आहे, त्यामुळे ‘बाजूच्या उंचवट्यावर’ एवढे पुरते. जॅक्सनच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही, कारण तिथे चार पावले इकडेतिकडे झाली की राज्य बदलते.

नोंद नाही, मग माहिती आली कुठून?

आजच्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो जन्मदाखल्याचा. पण नॉर्थ कॅरोलिनात राज्यभर जन्मनोंदणी सुरू झाली १९१३ मध्ये आणि साउथ कॅरोलिनात १९१५ मध्ये. त्याआधी जन्माची खूण म्हणजे चर्चमधल्या बाप्तिस्म्याची नोंद, कुटुंबाच्या बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलेली तारीख किंवा शेजाऱ्यांची आठवण. जॅक्सनच्या जन्माची त्या काळातली कोणतीही लेखी नोंद हाताशी नाही. त्याचे आईवडील, अँड्र्यू आणि एलिझाबेथ, १७६५ मध्ये आयर्लंडच्या उत्तरेकडून दोन लहान मुले घेऊन आले आणि ट्वेल्व्ह माइल क्रीक या ओढ्याकाठी जंगल तोडून शेती करू लागले. जमिनीवरचा त्यांचा हक्कसुद्धा पक्का झालेला नव्हता. अशा घरात कागद जपून ठेवण्याइतकी स्थिरता कुठून असणार?

१७६७ च्या वसंताच्या तोंडावर थोरला अँड्र्यू वारला. एलिझाबेथ तेव्हा गरोदर होती आणि दिवस भरत आले होते. नवऱ्याला वॅक्सहॉच्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या आवारात मूठमाती दिल्यावर ती ओढ्याकाठच्या घरी परतली नाही. दोन पोरे आणि पोटातले तिसरे घेऊन ती आपल्या बहिणीच्या घरी गेली आणि थोड्याच दिवसांत तिथे बाळ जन्मले. दोन्ही राज्यांना ही हकिगत इथपर्यंत मान्य आहे. वाद एवढाच की बहीण कोणती. या टापूत राहणाऱ्या एलिझाबेथच्या विवाहित बहिणींपैकी दोघींची नावे पुढे येतात: एक जॉर्ज मॅककेमीची बायको मार्गारेट, दुसरी जेम्स क्रॉफर्डची बायको जेन. मॅककेमीचे घर आजच्या नॉर्थ कॅरोलिनात येते, क्रॉफर्डचे आजच्या साउथ कॅरोलिनात.

सरहद्दीवरच्या बायकांचे आयुष्य या एका तपशिलात दिसते. बाळंतपण कुठे करायचे हे एलिझाबेथने ठरवलेले नव्हते. दफनविधी, रस्ता, थकवा आणि जवळचे दार यांनी ते ठरले. पुढे राष्ट्राध्यक्ष होणाऱ्या मुलाची जन्मभूमी एका विधवेच्या त्या दिवसांतल्या मुक्कामावर टेकलेली आहे.

> चौकट: दोन दावे
> नॉर्थ कॅरोलिना: जन्म मॅककेमीच्या घरी. आधार: बाळंतपणाला आईबरोबर गेलेल्या सेरा लेदन हिच्या आठवणी, ज्या इतरांनी पुढे शपथेवर सांगितल्या. सॅम्युएल वॉकप या वकिलाने त्या १८५८ मध्ये प्रसिद्ध केल्या. १८६० मध्ये जेम्स पार्टनच्या जॅक्सन चरित्राने त्या देशभर नेल्या.
> साउथ कॅरोलिना: जन्म क्रॉफर्डच्या मळ्यावर. आधार: जॅक्सनचे ११ ऑगस्ट १८२४ चे पत्र, लँकेस्टर जिल्ह्याची १८२० ची मोजणी आणि तिच्यावरून १८२५ च्या मिल्सच्या नकाशासंग्रहात छापलेली जन्मस्थानाची खूण, राष्ट्राध्यक्ष असताना त्याने केलेला साउथ कॅरोलिनाचा ‘जन्मराज्य’ असा उल्लेख.

कोणाच्या साक्षीला किती वजन

साउथ कॅरोलिनाची बाजू वरकरणी निर्णायक वाटते. माणूस स्वतः सांगतो आहे, मग आणखी काय हवे? पण स्वतःचा जन्म कोणालाच आठवत नाही. आपल्या जन्माबद्दल आपली साक्ष ही नेहमी ऐकीवच असते. जॅक्सनला याची जाणीव होती, हे त्याच्या पत्रातून दिसते. वॅक्सहॉच्या विदरस्पून नावाच्या गृहस्थांना लिहिताना तो म्हणतो की, मला सांगण्यात आले त्याप्रमाणे मी साउथ कॅरोलिनात, जेम्स क्रॉफर्ड राहत असे त्या मळ्यावर जन्मलो. ‘सांगण्यात आले त्याप्रमाणे’ हा भाग फलकावर कधी उतरला नाही, पण सगळ्या पत्रातला तोच सर्वांत प्रामाणिक भाग आहे. सांगणारे कोण होते, याचा अंदाज करता येतो. आई १७८१ मध्ये गेली, तेव्हा जॅक्सन चौदा वर्षांचा होता. चौदा वर्षांच्या मुलाने आपण कुठे जन्मलो हे आईकडून, मावशांकडून ऐकलेले असणार. म्हणजे मूळ साक्ष खुद्द बाळंतिणीची आणि तिच्या बहिणींची, मधला दुवा एकच, आणि कागदावर उतरायला लागलेली वर्षे ५७.

नॉर्थ कॅरोलिनाची साक्ष वेगळ्या जातीची आहे. सेरा लेदन ही एलिझाबेथच्या आणखी एका बहिणीची मुलगी. ही तिसरी बहीण सुईणीचे काम करी. रात्री बोलावणे आले, तेव्हा सुमारे सात वर्षांची सेरा आईबरोबर शेतांतून चालत मॅककेमीच्या घरी गेली आणि बाळ जन्मले त्या रात्री तिथेच होती, असे ती म्हातारपणी सांगत असे. या आठवणीची ताकद नाकारता येत नाही. रात्रीची पायपीट, आईचा हात, अंधारातले घर, हे सात वर्षांच्या मुलीच्या मनात रुजणारेच आहे. पण सेराचे शब्द तिच्या तोंडून कोणी लिहून घेतले नाहीत. तिच्या माघारी ऐकणाऱ्यांनी ते सांगितले, वकिलाने गोळा केले आणि जन्मानंतर ९१ वर्षांनी, जॅक्सनच्याही मृत्यूनंतर १३ वर्षांनी ते छापले गेले. तोवर तो मुलगा राष्ट्राचा नायक झालेला होता. नायकाच्या जन्माला आपल्या घरचे कोणी हजर होते, ही गोष्ट कुठल्याही कुटुंबात घट्ट धरून ठेवली जाते आणि सांगता सांगता नितळ होत जाते.

साउथ कॅरोलिनाच्या विरुद्ध सर्वांत जोरदार आक्षेप राजकारणाचा आहे. १८३२ च्या नोव्हेंबरात साउथ कॅरोलिनाने संघराज्याचे आयातकर आपल्यापुरते रद्द ठरवले. १० डिसेंबरच्या जाहीरनाम्यात जॅक्सनने तिथल्या लोकांना आपल्या जन्मराज्याचे नागरिक म्हणून साद घातली. तिथे जन्माचा उल्लेख त्याच्या सोयीचा होता, हे उघड आहे. १८२४ चे पत्रसुद्धा निवडणुकीच्या वर्षातले. साउथ कॅरोलिनाची मते त्याला हवी होती आणि ती त्याला मिळालीही. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पण त्याला उत्तर आहे. लँकेस्टर जिल्ह्याची मोजणी १८२० ची, आणि टेनेसीच्या विधिमंडळाने त्याला राष्ट्राध्यक्षपदासाठी पुढे केले ते १८२२ मध्ये. म्हणजे निवडणुकीची हवा तापण्याआधीच तिथल्या लोकांच्या तोंडी ही जागा होती. नकाशा छापला गेला १८२५ मध्ये, तेव्हा जन्मस्थानाची खूण छापताना घातली असेल, असे कोणी म्हणू शकेल. तेवढी फट राहतेच. पण ती धरली तरी नकाशा सेराच्या आठवणींच्या छपाईपेक्षा ३३ वर्षांनी जुना ठरतो.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. बाळंतपणानंतर एलिझाबेथ क्रॉफर्डच्या घरीच राहिली. तिची बहीण जेन आजारी असे, तेव्हा घर एलिझाबेथनेच सांभाळले आणि जॅक्सनचे बालपण तिथे गेले. ज्या घरात माणूस वाढतो तेच जन्मघर समजले जाणे अगदी स्वाभाविक आहे. नॉर्थ कॅरोलिनाची मांडणी हीच, की काही आठवडे मॅककेमीकडे काढून ती क्रॉफर्डकडे गेली आणि पुढे सगळ्यांनी तेच घर धरून ठेवले. हे घडू शकते. तरी एक गोष्ट आड येते. नवऱ्याला मूठमाती देऊन आठवड्या-दोन आठवड्यांत झालेले बाळंतपण कोणत्या बहिणीच्या घरी झाले, हे आई विसरणार नाही आणि वाढत्या मुलाला चुकीचे सांगण्याचे तिला कारणही नाही. म्हणून माझा कौल साउथ कॅरोलिनाकडे जातो. पण तो कौल आहे, निकाल नाही. पुरावा पन्नास टक्क्यांच्या वर जातो, नव्वदच्या जवळ नाही.

आणि हे सारे भांडण मुळात काही आठवड्यांपुरते आहे, हेही इथे लक्षात येते. कुटुंब तेच, बहिणी त्याच, चर्च तेच, मुलगा वाढला तेही घर एकच. मतभेद फक्त एका रात्रीच्या पत्त्याबद्दल.

हद्दच ठरलेली नव्हती

पत्ता उद्या निर्विवाद सापडला तरी राज्य कोणते, हा प्रश्न उरतोच. १७६७ मध्ये ही राज्ये नव्हती, ब्रिटिशांच्या वसाहती होत्या, आणि त्यांच्यातली सीमारेषा अर्धवट होती. मूळ ठराव असा होता की किनाऱ्यापासून वायव्येला रेषा न्यायची, ३५ व्या अक्षांशाला पोहोचली की पश्चिमेला वळवायची. १७३७ च्या मोजणीदारांनी अक्षांश गाठला असे समजून खुंट ठोकला. प्रत्यक्षात तो सुमारे ११ मैल दक्षिणेला होता. १७६४ च्या मोजणीदारांनी तोच खुंट खरा मानून पश्चिमेला रेषा आखली आणि सॉल्झबरीकडून चार्ल्सटनकडे जाणाऱ्या रस्त्यापाशी येऊन थांबले. या चुकीने साउथ कॅरोलिनाची सुमारे ६६० चौरस मैल जमीन गेली. भरपाई म्हणून १७७२ मध्ये पुढची रेषा त्या रस्त्याने उत्तरेला नेऊन कटॉबा या मूळ रहिवाशांच्या जमिनीला वळसा घालून पश्चिमेला नेली. १८१३ मध्ये ती पुन्हा मोजली. थोडक्यात, जॅक्सन जन्मला तेव्हा मोजणी रस्त्यापाशी थांबलेली होती आणि वॅक्सहॉतली रेषा त्यानंतर पाच वर्षांनी जमिनीवर आली.

दोन भावांच्या शेतांमधला बांध डोळ्यांसमोर आणावा. बांधाकाठी आंब्याचे झाड आहे. मोजणी नव्याने झाली, बांध दोन हात सरकला आणि काल थोरल्याचे असलेले झाड आज धाकट्याच्या सातबाऱ्यावर आले. झाड जागचे हलले नाही. मग ते लावले तेव्हा कोणाच्या शेतात होते, या प्रश्नाचे उत्तर कोणत्या दिवशीचा बांध धरायचा यावर अवलंबून राहते. वॅक्सहॉत हेच झाले, फक्त बांधाच्या जागी राज्याची सीमा होती.

ही निव्वळ जुन्या काळची गोष्ट नाही. अठराव्या शतकातली रेषा झाडांच्या बुंध्यांवर कुऱ्हाडीने खुणा करून आखलेली होती आणि ती झाडे केव्हाच नाहीशी झाली. १९९० च्या दशकात दोन्ही राज्यांनी जुने नकाशे, जमिनीची खरेदीखते आणि उपग्रहाच्या मदतीने रेषा पुन्हा शोधायला घेतली. काम वीस वर्षे चालले. १ जानेवारी २०१७ पासून ती दुरुस्त हद्द अमलात आली, तेव्हा काही घरे आणि एक पेट्रोलपंप रात्रीत दुसऱ्या राज्यात गेले. एकविसाव्या शतकात, सगळी साधने हाताशी असताना, जिवंत माणसांचे राज्य निश्चित करायला एवढा खटाटोप पडतो. मग १७६७ च्या एका रात्रीबद्दल ठाम वाक्य लिहिणाऱ्या फलकाकडे सावधपणे पाहायला हवे.

राज्यांना याचे एवढे अप्रूप का

याचे उत्तर त्या मुलाच्या पुढच्या आयुष्यात आहे. तेराव्या वर्षी तो स्वातंत्र्ययुद्धात निरोप्या झाला, चौदाव्या वर्षी ब्रिटिशांच्या कैदेत गेला. बूट साफ करायला नकार दिला म्हणून एका अधिकाऱ्याने तलवार चालवली, तिची खूण आयुष्यभर राहिली. युद्धाने त्याची आई आणि दोन्ही भाऊ नेले. पुढे तो नॉर्थ कॅरोलिनात वकिलीची सनद घेऊन पश्चिमेला नॅशव्हिलला गेला. टेनेसीची घटना घडवणाऱ्यांत तो होता. प्रतिनिधी, सिनेटर, न्यायाधीश झाला. १८१४ मध्ये हॉर्सशू बेंडची आणि १८१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सची लढाई जिंकून १८२९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. हॉर्सशू बेंडला त्याच्या हाताखाली लढताना घायाळ झालेल्या तरुणांपैकी एक म्हणजे टिंबर रिजचा सॅम ह्यूस्टन. लाकडी झोपडीतून राष्ट्राध्यक्षपदापर्यंत गेलेला हा पहिला माणूस, म्हणून ती झोपडी कोणाच्या हद्दीत, याला राज्याच्या प्रतिष्ठेचे मोल आले. नॉर्थ कॅरोलिनाने १९४८ मध्ये राजधानी रॅलीत ‘आम्ही देशाला दिलेले राष्ट्राध्यक्ष’ अशा आशयाचे शिल्प बसवले, त्यात जॅक्सन घोड्यावर आहे. अनावरणाला खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रूमन आले होते. १९७९ पासून काही वर्षे तर हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या शाळांमध्ये फुटबॉलचा सामना होई आणि जिंकणाऱ्या काउंटीला वर्षभर जन्मस्थानाचा मान मिळे.

पण त्याला ‘सरहद्दीवरचा सैनिक’ म्हणताना ती सरहद्द कोणाच्या जमिनीवरची, हे फलक सांगत नाहीत. हॉर्सशू बेंडनंतरच्या तहाने मस्कोगी या मूळ रहिवाशांची सुमारे २.३ कोटी एकर जमीन गेली, आणि त्यांच्यातले जे जॅक्सनच्या बाजूने लढले होते त्यांचीही त्यात होती. राष्ट्राध्यक्ष म्हणून त्याने १८३० मध्ये सही केलेल्या कायद्याने आग्नेयेकडच्या मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हलवण्याची वाट उघडली. १८३८-३९ मध्ये चेरोकींना सक्तीने नेताना हजारो माणसे दगावली. त्याच्या मळ्यावर त्याच्या शेवटच्या काळात सुमारे दीडशे माणसे गुलामीत होती. आणि ज्या वळणामुळे हद्द वॅक्सहॉत वाकडी झाली, ते वळण कटॉबा लोकांच्या १७६३ च्या तहाने ठरलेल्या १५ मैल लांबीरुंदीच्या चौकोनाचे होते. त्या चौकोनाला वळसा घालून रेषा गेली, म्हणून दोन राज्यांचे भांडण उभे राहिले. १८४० मध्ये कटॉबांनी तो सगळा चौकोन साउथ कॅरोलिनाला दिला, आणि बदल्यात कबूल केलेले त्यांना वेळेवर मिळाले नाही. संघराज्याने त्यांची काढून घेतलेली मान्यता परत यायला १९९३ साल उजाडले. जन्मस्थानाच्या वादातला सर्वांत निर्विवाद दस्तऐवज म्हणजे त्यांच्या जमिनीची ती कड, आणि वादात त्यांचेच नाव सर्वांत कमी घेतले जाते.

मग फलक काढून टाकायचे का?

काहीजण म्हणतील, एवढी अनिश्चितता असेल तर लोखंडी खांबावर जन्मस्थान लिहूच नये. मला हे पटत नाही. फलक नसेल तर प्रवाशाला इथे काही घडले होते एवढेही कळणार नाही, आणि अनिश्चित गोष्टी वगळायच्या म्हटल्या तर कागदपत्र जपू शकणाऱ्या श्रीमंत घराण्यांचाच इतिहास रस्त्यावर उरेल. ओढ्याकाठी दोन वर्षे राबून नवऱ्याला मूठमाती दिलेल्या बाईचा उरणार नाही. दुसरे काहीजण म्हणतील, एक दावा खोटा ठरवून दुसरा कायम करावा. तेवढा पुरावा नाही, हे वर आलेच आहे. आणखी एक आक्षेप व्यवहाराचा: पाच ओळींत हे सगळे कसे बसणार?

बसते. वॅक्सहॉच्या हद्दीवर, दोन्ही राज्यांनी मिळून, एकाच खांबाच्या दोन बाजूंना असा मजकूर लावता येईल: ‘अँड्र्यू जॅक्सन, सातवा राष्ट्राध्यक्ष, १५ मार्च १७६७ रोजी या परिसरात मावशीच्या घरी जन्मला. तो स्वतः, ऐकीव माहितीवरून, दक्षिणेकडचे क्रॉफर्डचे घर सांगे. नात्यातल्या आठवणी उत्तरेकडचे मॅककेमीचे घर सांगतात. तेव्हा ही हद्द आखलेली नव्हती. १७७२ मध्ये ती कटॉबांच्या जमिनीला वळसा घालून आखली गेली.’ चाळीसएक शब्द होतात. साउथ कॅरोलिनाच्या फलकांवर एवढा मजकूर सहज मावतो, आणि नॉर्थ कॅरोलिनाला आपला दंडक एका फलकापुरता थोडा सैल करावा लागेल. यातला प्रत्येक शब्द दोन्हीकडच्या पुराभिलेखागारांतल्या कागदांवर तपासून घेता येईल.